दारूत घालायची फुलं

तुम्ही हसाल, पण नेरळच्या बंगल्यावर मी माळी होतो ना, तेव्हा घडलंय हे! आमचे साहेब नुकतेच विलायतेहून आलेले. त्या रविवारी दुपारी पाहुणे येणार म्हणून सकाळपासून नुसते नाचत होते.

"गणपत, विलायती बाग ग्लासात उतरवायची! जिनमध्ये काकडी, पुदिना, अन् वर ताजी फुलं!"

मी बागेत जाऊन बघतो तर काय, माकडांनी एक गुलाब ठेवलेला नाही! माझी तर तंतरलीच. तेवढ्यात ठाकरवाडीतली सोनाबाई लाकडाची मोळी घेऊन आली. मी ओरडलो, "सोनाबाई, पळ गं! दारूत घालायची फुलं हवीत, टोपलीभर!"

"येवढंच ना?" म्हणाली, आणि तासाभरात टोपली हजर. बघतो तर मोहाची फुलं! दुसरी कुठली आणणार ती? वाडीत आठवडाभर फुलं भिजवून-आंबवून दारू त्यांचीच गाळतात.

मी कपाळाला हात लावला, पण साहेबांनी एक फूल चाखलं आणि उडालेच. "अरे, काय गोड आहे!" प्रत्येक ग्लासात चार-चार फुलं तरंगली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी खूश होऊन सोनाबाईच्या हातातही एक ग्लास दिला.

तिनं घोट घेतला, ग्लासातली फुलं निरखली आणि साहेबांकडे मोठ्या मायेनं बघत म्हणाली,

"साहेब, लई घाई केलीत तुमी. फुलं कच्चीच राहिली!"