परबने मोकळी केलेली डिस्क

आमच्या परबला साफसफाईचा किती सोस, ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे. दोन हजार चार-पाचच्या सुमारास नया नगरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो. तिथल्या लिनक्स सर्व्हरवर मी प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं होतं आणि एका सामायिक फोल्डरमध्ये त्यांच्या नुसत्या लिंक, म्हणजे खऱ्या सॉफ्टवेअरकडे बोट दाखवणाऱ्या नावाच्या पाट्या, ठेवल्या होत्या. नवं व्हर्जन आलं की फक्त लिंक फिरवायची.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पोचलो, तर परब एकदम खुशीत.

"अरे, डिस्क भरत आली होती. प्रत्येक प्रोग्रॅम दोन-दोन ठिकाणी! मी डुप्लिकेट उडवले."

मी घाईघाईने विचारलं, "दोन्हीतले कुठले उडवलेस?"

"जड होते ते. हलके ठेवले. बघ, केवढी जागा झाली!"

"परब, हलक्या त्या लिंक होत्या! खरी सॉफ्टवेअर तू उडवलीस."

"असं कसं? नावं तर सगळी दिसतायत."

तेवढ्यात खारी गावाहून येणारी आमची एक विद्यार्थिनी मशीनवरून ओरडली, "सर, कंपायलरचं नाव हाय, पन कंपायलर न्हाय!"

मग सीड्या शोधून मी सगळं पुन्हा टाकलं. तोवर परबने पोरांना चहा पाजून थोपवून धरलं. दीड तास उशिरा परीक्षा सुरू झाली, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. तरी हळूच विचारतो, "पण डिस्क परत भरली ना. आता मी काढू तरी काय?"

म्हटलं, "दोन दिवस रजा काढ."