टोपी कुणाच्या हाती

—नाही हो, स्टेशनचा काढा की फोटो, खुशाल काढा, छपराखाली वाळत टांगलेल्या मुळ्यांचा काढा, तेवढ्यासाठीच तर इतक्या लांब येता तुम्ही लोक — फक्त यांचा नको. ते फलाटावर उभे आहेत ना, टोपी, पांढरे हातमोजे — ते आमचे हे. स्टेशनमास्तर? होते की. आता या कामिनासे स्टेशनला कुठला मास्तर, माणूसच ठेवत नाहीत, मोटरमनच तिकिटं घेतो नि जातो. पण हे निवृत्त झाल्यावरही रोज येत राहिले. सिग्नलकडे बोट दाखवून "सिग्नल ठीक!" असं खणखणीत ओरडायचं, मग हात वर — आणि मोटरमन बिचारे यांचा हात वर झाल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत. कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणी नाही. आपली माणुसकी. बसा ना, उभे का? ती उशी घ्या, मीच शिवलीय, बाकडं फार गार असतं.

तुम्ही याच गाडीनं शहरात जाणार ना? आम्हीपण. म्हणजे — जायचंय. मधे हे रुळावर उतरले नि थेट बोगद्याकडे चालत सुटले, रूळ तपासायला म्हणे. मोटरमननं कसाबसा ब्रेक मारला. खाली उतरून माझ्यापुढे तोच वाकला, तोच माफी मागतोय — मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा चिहारूनं, आमच्या मुलीनं, टोपी लपवून ठेवली. टोपी नाही तर ड्यूटी नाही, मग हे घरातच बसायचे, भिंतीकडे बघत. आणि आज सकाळी निघेनात! सोबा, आवडत्या शेवया, खायला जाऊया म्हटलं, मी गोड बोलले, रागावले — हे दाराची चौकट धरून बसले. गाडी चुकेल म्हणून मी गाढवानं काय केलं, टोपी काढली नि यांच्या डोक्यावर ठेवली. निघाले की ताडताड, माझ्याही पुढे! इथे आल्यावर डोक्यात प्रकाश पडला — टोपी घातलेला माणूस गाडीत चढतो होय? तो गाडी सोडतो.

बॅग? हो, मोठी आहे. यांचेच कपडे सगळे. माझे — मी संध्याकाळी परत येणार ना. असं बघू नका हो. चांगला वृद्धाश्रम आहे तो, खिडकीतून गाड्या दिसतात, मुद्दाम तशी खोली मागितली चिहारूनं. रात्री यांचं मनगट माझ्या मनगटाला दोरीनं बांधून झोपते मी. झोपते कसली, जरा हिसका बसला की उठते. मला झोप हवीय हो. नवऱ्याला सोडून येताना बाईनं रडावं, आणि मी काल अंथरुणाकडे बघून, उद्या दोरी नाही म्हणून, खूश झाले. लाज वाटते मला.

ऐका, एक कराल? बदलीचा माणूस आला की हे टोपी देतात. पूर्वी तसंच होतं — समोर ताठ उभं राहायचं, वाकायचं, "ताबा घेतला" म्हणायचं, की हे मोकळे. तुम्ही तेवढं म्हणा. पुढची गाडी दुपारी आहे, ठाऊक आहे मला, ओनिगिरी देते ना खायला, भाताचे गोळे, आत खारवलेले आंबट उमेबोशी घातलेत. गाडीतून यांना दिसतंय तोवर इथे उभं राहायचं, बस्स. कराल? कराल ना! देव भलं करो तुमचं — आली, ऐकलंत? चला, चला, फलाटावर. अहो! अहो, बदलीचा माणूस आलाय! हे बघा, हे—

काय? तिकीट? अरे देवा, तुमच्या हातात तिकीट आहे. खिशात घाला, खिशात — बघितलं यांनी. प्रवाशाला ताबा देता येत नाही म्हणताहेत. अहो, एकदा द्या ना! अहो, माझ्याकडे काय बघताय? मी? मी नाही हो, मी तुमच्याबरोबर येणार आहे. मी किनुए. ऐकलंत ना, नाव विचारताहेत माझं. किनुए, अहो. नवीन आलीस का, म्हणताहेत.

हो. नवीन आले. ताबा घेतला.

टोपी माझ्या डोक्यावर ठेवली नि चढले बघा. पायरीवर पाय पुसून चढले. आता तुम्हीच जा, शेजारी बसा त्यांच्या, बॅग घ्या — शहरात फलाटावर चिहारू उभी असेल, लाल छत्री आहे तिच्याकडे. सोबाचं विचारलं तर हो म्हणा, काहीही विचारलं तर हो म्हणा. थांबलात कशाला? माझं काय, मला नाही येता येत आता — काचेतून बघताहेत ना, टोपी घालून मी पाय आत टाकला की हे खाली उतरतील.

मोटरमन माझ्याकडे बघतोय. हात वर होत नाहीये हो माझा.

जा म्हटलं ना! बसा आत.

सिग्नल ठीक—