शेजारच्या दाराची कडी

(बदनापूर. भर दुपारची सामसूम. मोनाली हेडफोन लावून, कंपनीतर्फे शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देत टेबलाशी बसलेली, पाच वर्षांची आमू तिच्या पायाशी चित्र रंगवत. शेजारच्या घरात राहणारी थोरली जाऊ बेबीनंदा बाहेरून कडी वाजवते.)

मोनाली : काका, जरा लाइनवर थांबता का? दारात कुणीतरी आलंय… हो, सोयाबीन पिवळी पडली म्हणलात ना, सांगते, फोन ठेवू नका. आमू, कडी काढ गं. काकूच असंल.

आमू : काकूच हाय. आर्यन झोपलाय तिच्या खांद्यावर.

बेबीनंदा : हळू बोल, उठंल तो. मोनाली, याला टाकते तुझ्या पलंगावर. उठला की दूध-भात चार. आज दवाखान्यात गर्दी हाय, यायला उशीर व्हईल.

मोनाली : टाका. अन् बसा जरा, ताई.

बेबीनंदा : बसायला टाइम कुठंय? रिक्षा उभी हाय कोपऱ्यावर.

मोनाली : बसा म्हणते ना. हां काका, बोला. पान वरचं पिवळं का खालचं?… मंग घाबरू नका. पाणी तुंबलं असंल, आधी चर काढा, औषधाचं नंतर बघू… न्हाई न्हाई, शेजारच्याचं ऐकू नका. शेजारी कुणाचा झालाय का, काका? ठेवते. राम राम.

बेबीनंदा : हे मला होतं का?

मोनाली : काकांना होतं. तुम्हाला लागलं का?

बेबीनंदा : मजा हाय बाई तुझी. गाऊनवर नोकरी. ना गाडी पकडायची, ना साहेबाचं तोंड बघायचं.

मोनाली : मजाच की. गॅसवाला आला की मी, मीटरवाला आला की मी, तुमचं पार्सल आलं तरी मीच. एका कानात शेतकरी, दुसऱ्या कानात तुमचा आर्यन. सगळ्या गल्लीला वाटतं, मोनाली रिकामीच बसलेली असती.

बेबीनंदा : घरातच तर असतीस. त्यात काय झालं?

मोनाली : आता नसणार. कंपनीनं विचारलंय, जालन्याच्या ऑफिसात येता का घरूनच करता, ज्याचं त्यानं ठरवा. आज मॅडमचा फोन येणार हाय.

बेबीनंदा : मंग तू काय सांगणार?

मोनाली : पहिल्या तारखेपासून सकाळच्या गाडीनं येते म्हणून.

बेबीनंदा : येडी झाली का? आमूचं काय? आर्यनचं काय? अन् माझ्या ड्यूट्या?

मोनाली : आता कसं! आधी आमूला पुढं केलं, मंग आर्यनला. खरं शेवटी आलं तोंडात.

बेबीनंदा : तूच तर म्हणाल्तीस, घरूनच बरं पडतं. आमू मांडीवर येऊन जेवती, तुला आवडतं.

मोनाली : आवडतं. लई आवडतं. फोनवर बोलता बोलता तिची वेणी घालते मी. पण आज ते मोजायचं न्हाई मला.

बेबीनंदा : अगं, दोघा भावांच्या पाळ्या मिलमध्ये. सासूबाई शहागड सोडायला तयार न्हाईत. मी लेकराला ठेवू कुठं?

मोनाली : हेच मी विचारलं होतं. तुमच्या दाराला.

बेबीनंदा : कधी?

मोनाली : आमू तान्ही होती. अंग तव्यावानी तापलेलं. माझा पतसंस्थेत रुजू व्हायचा दिवस. म्हणलं, दुपारपर्यंत जावेपाशी ठेवते, सही करून येते. कडी वाजवून वाजवून बोटं लाल झाली माझी.

बेबीनंदा : सांगितलं होतं ना तुला. माहेरी गेल्ते मी.

मोनाली : तुम्ही माहेरी गेल्त्या, अन् कुकर एकटाच शिट्ट्या मारीत होता?

बेबीनंदा : रिक्षा थांबलीय माझी. जाऊ दे मला.

मोनाली : बोला की. गाडी गेली. जागा दुसरीला दिली त्यांनी. तवापासून हा राग लोणच्यावानी बरणीत भरून ठेवलाय, ताई. वरून तेलबी घालते, बुरशी लागू नये म्हणून. आज बराबर मुरलाय.

बेबीनंदा : होते मी घरात. दाराच्या मागंच उभी होते.

मोनाली : दाराच्या मागं?

बेबीनंदा : हातात पुस्तक होतं. नर्सच्या भरतीचं. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. आज कडी काढली की उद्याबी काढावी लागंल, परवाबी, हे कळत होतं मला. लेकरू कण्हत होतं, तेबी ऐकू येत होतं.

मोनाली : अन् कोर्स नर्सचा झालेला तुमचा.

बेबीनंदा : झालेला. म्हणून तर आजवर तोंड उघडलं न्हाई. पण खरं सांगू? त्या दिवशी दार उघडलं असतं, तर आज तुझ्या जागी मी असते.

मोनाली : माझ्या जागी म्हणजे? गाऊनवर?

बेबीनंदा : फोन वाजतोय तुझा. मोनाली, उचलू नको. निदान दोन महिने दे. मी बघते काहीतरी. पाया पडते तुझ्या.

मोनाली : मी दुपारपर्यंत मागितलं होतं, ताई. फक्त दुपारपर्यंत… हॅलो, मॅडम. हो, ठरवलं. न्हाई, घरून नको. ऑफिसलाच येते… घरी? घरी काय अडचण असणार? बिलकुल न्हाई. लिहून घ्या माझं नाव.

बेबीनंदा : झालं समाधान?

मोनाली : पोटभर. आर्यनला उठवू नका, आज राहू द्या त्याला. त्या लेकराशी माझं भांडण न्हाई.

बेबीनंदा : जाते मी. कडी लावून घे.

आमू : आई, काकू रडत का गेली?

मोनाली : डोळ्यात काही गेलं असंल गं माय. ये, मांडीवर ये. केवढा मोठा सूर्य काढलास!

आमू : तू आता झुकझुक गाडीनं जाणार?

मोनाली : रोज. इस्त्रीची साडी नेसून. जालन्याहून काय आणू माझ्या राणीला?

आमू : रंगपेटी. मोठ्ठी. काकूबी रोज जाणार?

मोनाली : हो.

आमू : अन् पप्पा मिलमधी?

मोनाली : हो गं.

आमू : मंग मी बालवाडीतून आले अन् कडी वाजवली, तर दार कोण उघडणार?