काजं-बटणं

पालिकेच्या तक्रार खिडकीपाशी माझ्यापुढच्या बाई कारकुनाशी बोलत होत्या.

"माझी धाकटी जाऊ राहत्या घरात शिवणकाम करते. नियमात बसतं का?"

"बाहेर पाटी लावलीय?"

"नाही."

"मशीनचा त्रास?"

"तसा नाही. पण दारात चपलांचा ढीग असतो. मीही घरीच शिवते, माझ्या दारात दोन जोड दिसायचे नाहीत."

"ते नियमात येत नाही, ताई. त्या घरात न राहणारं कोणी कामाला येत असेल, तर परवानगी लागते."

"येतं ना. रोज एक म्हातारी काजं-बटणं करते. राहते, जेवते मात्र माझ्याकडे."

"कोण त्या?"

"सासूबाई."

"मग तुमची काजं कोण करतं?"

"मीच. माझ्याकडे त्यांना सुई दिसत नाही म्हणे."