कापलेली बाही

(कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान. दुपार. दोघी बहिणी. धाकटीच्या फोनवर एकच व्हिडिओ संपतो आणि पुन्हा सुरू होतो. ‘फोन’ म्हणून जे बोललं जातं ते त्यातलं.)

धाकटी : बघणारे अजून वाढतायत! तू सुईत दोरा ओवलास ना, तेवढ्यात केवढे वाढले बघ.

ताई : मला दोरा ओवायला आता वेळ लागतो. त्यात काय एवढं.

फोन : हा शर्ट घालणारा माणूस आता नाही.

ताई : बंद कर गं ते. सकाळपासून कान किटलेत.

धाकटी : बंद करून कसं चालेल? लोक कुठे थांबतात, कुठे पळतात, ते बघायला लागतं. चेन बसवतानाचा व्हिडिओ टाकला, कुणी बघितला?

ताई : आत्याने बघितला.

धाकटी : आत्याने दोन फोनवरून बघितला. म्हणून दोन. काजाचा टाकला, रफूचा टाकला, सगळे पाण्यात. तुझ्या मशीनपुढे वाकून वाकून माझी मान लागली.

ताई : नोकरी शोधताना नाही लागली कधी.

धाकटी : टोमणा मारून घे. पण आता मला कळलंय. पहिलं वाक्य. त्या एका वाक्यावर माणसाचा अंगठा थांबला तर थांबला, नाहीतर गेला पुढे. आणि दुसरं म्हणजे कात्री.

फोन : आता हा त्याच्या मुलाला होईल. बघा, बाही कशी कापतात.

ताई : शर्ट टाकून गेल्या त्या बाईंनी कापायला सांगितलंच नव्हतं.

धाकटी : झालं तुझं सुरू.

ताई : आत दुमडा म्हणाल्या होत्या. मुलाच्या शाळेत कार्यक्रम आहे, तेवढ्यापुरता लहान करा, मग उसवून पुन्हा होता तसा करायचाय. तुझ्यासमोरच म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या शब्दाबाहेर कापडाला कात्री लावली नव्हती. तू हात धुवून मागे लागलीस, ‘ताई, दुमडताना कोण बघणार, ताई, एकदाच काप.’ आणि मीही अशी शहाणी, की कापला.

धाकटी : दुमडणं खरंच कुणी बघत नाही गं.

ताई : आणि ते वाक्य? ‘माणूस आता नाही’? हे तुला कुणी सांगितलं?

धाकटी : त्या बोलता बोलता रडल्या ना.

ताई : घरात आजारपण आहे म्हणाल्या. आजारपणात रडू येत नाही माणसाला? उचलली जीभ लावली टाळ्याला. संध्याकाळी त्या शर्ट न्यायला येतील. त्यांना काय तोंड दाखवू?

धाकटी : मी बोलेन त्यांच्याशी. ताई, एक ऐक. ओळख ना पाळख, अशी माणसं पहिल्यांदा माझं काहीतरी शेवटपर्यंत ऐकतायत. ऑफिसात मी तोंड उघडलं की लोक घड्याळाकडे बघायचे. इथे बघ, कुणी लिहिलंय, ‘मी माझ्या वडिलांचा शर्ट कपाटातून काढला आज.’ हे मी घडवलं ना?

ताई : फोन वाजतोय. तुझा नाही, माझा. स्पीकरवर टाक, माझ्या तोंडात टाचण्या आहेत.

धाकटी : हॅलो, कपडे दुरुस्ती.

गृहस्थ : नमस्कार. तो शर्टाचा व्हिडिओ तुमचाच ना? मागच्या पाटीवर हा नंबर दिसला.

धाकटी : हो हो, आमचाच! आवडला?

गृहस्थ : शर्ट माझा आहे.

फोन : हा शर्ट घालणारा माणूस आता नाही.

गृहस्थ : तेवढं जरा बंद करता का?

ताई : बंद कर आधी. हॅलो, मी तिची थोरली बहीण. शिवणकाम मी करते. साहेब, काही गैरसमज होतोय का?

गृहस्थ : खालून दुसरं बटण तपकिरी आहे. बाकीची पांढरी. मीच लावलंय, काळ्या दोऱ्याने. बायको आजवर त्यावरून हसते.

ताई : हो. आहे तसंच.

गृहस्थ : घाबरू नका, भांडायला फोन केलेला नाही. तेवढा दमही नाही. मी हॉस्पिटलमध्ये आहे. दिवसभर पडून असतो, छातीवर फोन आणि अंगठा वर-खाली. शेजारच्या कॉटवरचे आजोबा म्हणतात, बोट झिजेल तुमचं. तर परवा अंगठा थांबला.

धाकटी : मला माफ करा. मला खरंच वाटलं होतं की…

गृहस्थ : फारसं चुकलेलं नाही तुमचं. थोडी घाई झाली, इतकंच.

ताई : असं बोलू नये हो.

गृहस्थ : बरोबर आहे, बोलू नये. म्हणून मी घरीही बोललो नाही. डॉक्टरांनी मला सगळं नीट सांगितलं. घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा म्हणाले. मी बायकोला सांगितलं, थोडे दिवस लागतील, होईन बरा. ती रोज डबा घेऊन येते आणि मी रोज तेच सांगतो. नऊ दहा वाक्यं आहेत, पाठ झालीत. हॅलो? आहात ना?

धाकटी : आहे.

गृहस्थ : तुमचा व्हिडिओ बघितला, तर आधी अंगावर काटाच आला. मग, कसं सांगू, बरं वाटलं. मोकळं. म्हटलं, म्हणजे तिला कळलंय. माझा शर्ट तिने मुलासाठी कापायला दिला, म्हणजे तिने मनाची तयारी केलीय. आता मला ते सांगावं लागणार नाही. तिच्याकडे बघून ते तोंडातून काढणं मला जमत नव्हतं हो. एवढ्यासाठीच फोन केला. धन्यवाद म्हणायला.

ताई : (कापलेली बाही उचलून हातात घेते.)

गृहस्थ : आणि तो व्हिडिओ राहू द्या. काढू नका. तुमचे बाकीचेही पाहिले मी. हा एकच चाललाय, नाही का?

धाकटी : बाकीचे? कुठले?

गृहस्थ : सगळे. चेनचा चांगला आहे. फक्त तुम्ही फार भरभर बोलता. ताई काम करत असतात तेव्हा गप्प राहिलात तरी चालेल, मशीनचा आवाज छान येतो. बरं, ठेवतो. नर्सबाई आल्या.

धाकटी : थांबा.

ताई : अगं…

धाकटी : थांबा, ठेवू नका. बाईंनी तो कापायला दिला नव्हता.

गृहस्थ : म्हणजे?

धाकटी : त्यांनी दुमडायला सांगितलं होतं. मुलाच्या कार्यक्रमापुरतं. नंतर उसवून पुन्हा मोठा करा म्हणाल्या होत्या. कात्री मी लावायला लावली. व्हिडिओसाठी. कापताना लोक बघतात म्हणून.

गृहस्थ : पुन्हा मोठा करा म्हणाली?

धाकटी : हो.

गृहस्थ : ती म्हणाली असं? तिच्याच तोंडून?

ताई : मला म्हणाल्या. ‘यांना तो फार आवडतो, घरी आले की तोच मागतील,’ असं म्हणाल्या.

धाकटी : ऐकताय ना?

गृहस्थ : ऐकतोय. म्हणजे माझं तिला खरं वाटलं.

ताई : वाटणारच. माणसाने रोज सांगितलं तर वाटतंच.

गृहस्थ : हं. जरा पाणी पितो.

धाकटी : ताई, मी बोलायला नको होतं का?

ताई : हळू. ऐकू जातंय त्यांना.

गृहस्थ : बोलायलाच हवं होतं. व्हिडिओ आता काढून टाका. तिच्या कुणा मैत्रिणीने तिला दाखवायच्या आत. हे तिला फोनमधून कळायला नको. मी सांगतो. आज डबा घेऊन येईल तेव्हा. किंवा उद्या.

ताई : आजच सांगा.

गृहस्थ : आज. बरं.

धाकटी : काढते मी.

गृहस्थ : तुमचं नुकसान होतंय.

धाकटी : काढते म्हटलं ना.

गृहस्थ : ताई, कापलेली बाही जोडता येते का हो?

ताई : कापलेली पट्टी ठेवलीय मी, टाकत नाही मी काही. जोडेन आणि बाईंनी सांगितली तशी आत दुमडेन. मुलगा घालेल तेव्हा जोड आत राहील. पण उसवली की दिसेल. साहेब, खोटं सांगत नाही, स्वच्छ दिसेल.

गृहस्थ : दिसू दे. मी बाह्या वर करूनच घालतो. दोन दिवस घरी सोडणार आहेत मला. तेव्हा घालीन म्हणतो. मुलाचा कार्यक्रम झाला की लगेच उसवून द्याल?

ताई : दुकान बंद असलं तरी देईन. मागच्या दाराने हाक मारायला सांगा बाईंना.

गृहस्थ : बरं. ठेवतो. ती आली.

धाकटी : ठेवला त्यांनी.

ताई : बाई संध्याकाळी आल्या की मी कापल्याचं सांगेन. बाकी काही आपण बोलायचं नाही. ते त्यांचं आहे.

धाकटी : ‘नक्की काढायचा का,’ असं विचारतंय हे.

ताई : मग?

धाकटी : एका बाईने आत्ताच टाकलंय, ‘मोठं आहे, लिहितेय.’ तिचं अर्धं लिहून झालं असेल.

ताई : मग थांबतेस का तिच्यासाठी?

धाकटी : नाही. काढला.

ताई : सगळं गेलं?

धाकटी : गेलं. त्याच्याबरोबर लोकांनी लिहिलेलंही गेलं. वडिलांचा शर्ट काढला म्हणून लिहिणारा होता ना, तोही गेला.

ताई : शर्ट असेल की त्याच्या हातात.

धाकटी : असेल.

ताई : ये अशी, या बाजूला बस. ही पट्टी सरकते सारखी, मला एकटीला जुळवता येत नाही. कडेला कड लाव आणि धर.

धाकटी : अशी?

ताई : फोन ठेव खाली. दोन्ही हात लागतात याला.