शहाळ्यावर एकमत

शहाळं, शहाळं, शहाळं! कालही दारात शहाळंच! तुम्ही सगळे माझ्यासारखेच ह्या मशीनला बांधलेले, उठून जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते... मला मळमळायला लागलं ना, तेव्हा कारण अख्ख्या शनिवार पेठेला ठाऊक होतं, फक्त मला सोडून. समोरच्या इंदुताई दारातूनच, 'श्यामलाबाई, पित्त हो पित्त, उपास बंद करा. आणि शहाळं घ्या.' ह्यांचा मित्र माधव, पोस्टातून निवृत्त, पण थाट सिव्हिल सर्जनचा, माझी पापणी खाली ओढून म्हणतो, 'कावीळ. शहाळं द्या.' नणंद म्हणाली मानेचे मणके, भाचा म्हणाला पित्ताशयात खडे... सत्तरीला टेकले म्हणून, नाहीतर कुणीतरी गोड बातमीसुद्धा काढली असती, आणि तिच्यावरही शहाळंच सांगितलं असतं! रोगावर एकमत नाही, शहाळ्यावर मात्र आहे.

प्यायले हो. रोज प्यायले, रोज ओकले. पाय सुजले, तर म्हणे चप्पल बदला. लघवी कमी झाली, पण ते चारचौघांत कसं बोलणार?

शेवटी डॉक्टर ऋतुजानं, पोरगीच ती, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि ह्यांना म्हणाली, 'आजोबा, पोटाचा काही दोष नाही. ब्लडप्रेशरनं किडन्या गेल्यात, रक्तात घाण साठते म्हणून उलट्या. डायलिसिस लागेल. आणि शहाळं एकदम बंद, त्यातल्या पोटॅशियमनं हृदय थांबू शकतं.' हे नुसते 'बरं' म्हणाले. एरवी रिक्षावाल्याशी मीटरवरून तासभर वाद घालणारा माणूस... नुसतं 'बरं'.

पुढचं ऐका. घरी आलो तर इंदुताई जिन्यातच, 'काय निघालं?' आणि आमचे हे काय सांगतात? 'विशेष नाही, पित्त.' झालं! पुन्हा शहाळी सुरू. परत करायची तर कारण सांगावं लागणार, मोरीत ओतवत नाहीत, म्हणून हे स्वतःच पितात. मला डॉक्टरांनी पाणीसुद्धा मापून दिलेलं, वाटीवाटीनं, जीभ टाळूला चिकटलेली, आणि समोर हे शहाळ्यामागून शहाळं संपवताहेत, तेही डोळे पुसत! चिडले मी. म्हटलं, 'अहो, एकदाचं सांगून टाका ना लोकांना.' तर म्हणतात कसे, 'सांगितलं की खरं होईल गं.'

मरणाची भीती मलाही वाटते, खोटं कशाला बोलू... पण ह्या माणसाला ती माझ्याहून जास्त वाटते.

आज सकाळी इकडे डायलिसिसला यायला निघालो, रिक्षा उभी, इंदुताई गॅलरीतून विचारतात, 'श्यामलाबाई, सकाळी सकाळी कुठं?' ह्यांनी माझा हात असा घट्ट धरला...

म्हटलं, 'कुठं जाणार, पित्ताचंच औषध आणायला. आणि इंदुताई, संध्याकाळी शहाळं आणाल ना, ते जरा मलईचं आणा.' ह्यांना आवडतं.