गवती चहाची कुंडी

देवरुखच्या एसटीत वसंत शितपांच्या पुढच्या सीटवर एक मुलगी मावशीशी बोलत होती. सोडून दिलेल्या कुत्र्या-मांजरांच्या निवाऱ्यात ती कामाला होती.

“पिंजऱ्यापिंजऱ्यात झाडं कशाला गो?”

“उकाडा कमी होतो, मावशी. जनावरंही शांत राहतात. आणि प्रत्येकाच्या गादीखाली सेन्सर आहे. कोण झोपलं, कोण उठलं, सगळं मोबाईलवर कळतं.”

“मग काय कळलं?”

“एक तांबडी कुत्री आहे. गवती चहाच्या कुंडीला टेकल्याशिवाय झोपत नाही. आणि रोज दुपारी दीड वाजला की उठून दाराशी जाते. तासभर तशीच उभी.”

शितप वर्षानुवर्षं दुकान बंद करून दीडलाच घरी जेवायला जायचे. गवती चहा मागच्या दारी होता. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून दोन्ही सुटलं.

“कुणाची गो ती?”

“कुणीतरी आमच्या फाटकाला बांधून गेलं. शेजारी बिस्किटांचा पुडा ठेवून.”

“मेल्याला लाज कशी नाही वाटली!”

शितपांनी मान खाली घातली.

“नाव काय तिचं?”

“चार ठेवून बघितली. एकालाही कान हलवत नाही.”

हातखंबा आला. मुलगी उतरायला उठली, तसे शितप म्हणाले, “बाय, तिला चंपी म्हणून हाक मार.”

मुलगी थबकली. “तुमची आहे?”

“होय.”

“मग चला की, काका. बघून तरी जा.”

“नको गो. मला बघून ती आनंदाने नाचायला लागेल.”